पात्म, मंडाले, रत्नागिरी : हद्दपारीच्या स्थळाचे वाचन

नव्या करारातील अखेरच्या पुस्तकाला मराठीत 'प्रकटीकरण' म्हणतात. त्याच्या पहिल्याच अध्यायातील नवव्या वचनात लेखक आपले नाव योहान असे सांगतो, वाचकांचा बंधू आणि त्यांच्या संकटातील वाटेकरी अशी स्वतःची ओळख करून देतो, आणि आपण पात्म नावाच्या बेटावर होतो, एवढी नोंद करून पुढे जातो. बावीस अध्यायांच्या या संहितेत बेटाचे नाव पुन्हा येत नाही. तेथील खडक, बंदर, माणसे, अन्नपाणी यांविषयी एक शब्द नाही. तरीही ईजियन समुद्रातील जेमतेम चौतीस चौरस किलोमीटरचे हे ग्रीक बेट ख्रिस्ती जगाच्या स्मृतीत एका पवित्र स्थळाच्या योग्यतेला पोहोचले. केवळ एका उल्लेखावर एवढे मोठे स्थळ उभे राहते, ते कसे? हा प्रश्न धर्मेतिहासाचा आहेच. तथापि तो साहित्यसमीक्षेचाही आहे, आणि मराठी समीक्षेला तर तो अगदी घरचा वाटावा असा आहे. कारण ज्या रत्नागिरीत ब्रह्मदेशाच्या एका राजाने हद्दपारीची तीस वर्षे काढली आणि जेथे जन्मलेल्या एका ग्रंथकाराने त्याच राजाच्या राजधानीत कैदेत बसून मराठीतील एक महाग्रंथ लिहिला, त्या रत्नागिरीचे वाचन आपण अद्याप पुरेशा गांभीर्याने केलेले नाही.

आधी योहानाचे ते वचन थोडे थांबून पाहू. मूळ ग्रीकमध्ये 'होतो' या अर्थी जे क्रियापद आहे ते 'एगेनोमेन'. त्याची छटा 'मी तेथे येऊन पडलो', 'मी तेथे झालो' अशी भूतकालवाचक आहे. म्हणजे लेखणी हाती घेतली त्या वेळी लेखक बेटावरच होता, असे संहिता निश्चितपणे सांगत नाही. तो तेथून सुटून आलेला असणेही संभवते. दुसरा मुद्दा 'दिआ' या शब्दाचा. देवाच्या वचना'मुळे' आणि येशूच्या साक्षी'मुळे' आपण बेटावर होतो, असे योहान म्हणतो. हे 'मुळे' शिक्षेचे कारण सांगते की कार्याचा हेतू? तो तेथे पाठवला गेला, की उपदेशासाठी आपणहून गेला? 'हद्दपार' हा शब्द संहितेत कोठेही नाही. परंतु याच पुस्तकाच्या सहाव्या आणि विसाव्या अध्यायांत वचनामुळे व साक्षीमुळे ज्यांचा वध झाला त्यांच्याविषयी हीच रचना वापरलेली आहे, आणि प्रस्तुत वचनातच संकटाचा उल्लेख आहे. त्यामुळे परंपरेने लावलेला शिक्षेचा अर्थ मला अधिक ग्राह्य वाटतो. तर्तुल्यनाने योहानाच्या संदर्भात जी लॅटिन संज्ञा वापरली ती रोमन कायद्यातील सौम्य हद्दपारीची आहे. रोमन कायद्यात हद्दपारीचे दोन प्रकार होते : एकात नागरिकत्व आणि मालमत्ता हिरावली जाई, दुसऱ्यात माणसाला केवळ एका जागी बांधून ठेवीत. आपल्याकडील 'काळे पाणी' आणि 'स्थानबद्धता' यांतील भेद ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. इरेनियसाच्या साक्षीनुसार हे दर्शन सम्राट दोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे इ.स. ९६ च्या थोडे आधी घडले.

हा योहान कोण, या प्रश्नावर तिसऱ्या शतकातच एक वाद झाला. अलेक्झांड्रियाचा बिशप दिओनिसियस याने शब्दकळा, वाक्यरचना आणि ग्रीक भाषेवरील प्रभुत्व यांची तुलना करून असे प्रतिपादन केले, की चौथे शुभवर्तमान लिहिणारा आणि प्रकटीकरण लिहिणारा एकच असणे शक्य नाही. एकाचे ग्रीक निर्दोष आहे, तर दुसऱ्याचे व्याकरण जागोजाग अडखळते. शैलीच्या पुराव्यावरून कर्तृत्वाचा निर्णय करण्याचे हे एक अत्यंत प्राचीन उदाहरण आहे. आजचे बहुतेक अभ्यासक या लेखकाला प्रेषित योहान न म्हणता 'पात्मचा योहान' म्हणतात. मिशेल फूको याने १९६९ च्या आपल्या व्याख्यानात 'लेखक' ही व्यक्ती नसून संहितांना एकत्र बांधणारे एक कार्य आहे, असे मांडताना संत जेरोमच्या कर्तृत्वनिकषांचा दाखला दिला होता. त्याच्या युक्तिवादाला दिओनिसियसही तितकाच उपयोगी पडला असता. येथे घडले ते असे : प्रेषिताचे नाव सैल झाले आणि त्या रिकाम्या जागी बेटाचे नाव येऊन बसले. स्थळच लेखकाचे आडनाव झाले.

आणि मग स्थळाने आपली संहिता स्वतः लिहावयास घेतली. बेटाच्या बंदरापासून वरच्या गावाकडे जाणाऱ्या वाटेवर एक गुहा दाखवतात. तिच्या छताच्या खडकाला पडलेली तिहेरी भेग म्हणजे दैवी वाणीची खूण आणि त्रैक्याचे चिन्ह, असे भाविक मानतात. योहान सांगे आणि प्रोखोरस नावाचा शिष्य लिहून घेई, अशीही कथा आहे. तिला प्रकटीकरणात काहीही आधार नाही, ती कित्येक शतकांनंतरच्या आख्यानांतून आली. इ.स. १०८८ मध्ये बायझंटाइन सम्राट आलेक्सियोस कोम्नेनोस याने ख्रिस्तोदुलोस या संन्याशाला हे बेट दान दिले आणि तेथे किल्ल्यासारखा मठ उभा राहिला. त्याचा ग्रंथसंग्रह विद्वानांत प्रसिद्ध आहे. मठ, गुहा आणि वरचे गाव यांना १९९९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. संहितेने जे लिहिण्याचे टाळले ते सर्व असे नंतर दगडात लिहिले गेले. वर्णनाचा अभाव हाच या स्थळाच्या निर्मितीचा हेतू ठरला, असे म्हणावयास हरकत नाही. लेखकाने बेटाचे तपशीलवार वर्णन केले असते तर भाविकांच्या कल्पनेला उतरण्यास जागाच उरली नसती.

असे असले तरी बेट संहितेतून सर्वस्वी नाहीसे झाले आहे काय? मला तसे वाटत नाही. ते नावाने येत नाही, दृष्टीच्या कोनातून येते. अठराव्या अध्यायात बाबेलच्या, म्हणजे सांकेतिक भाषेत रोमच्या, नाशावर विलाप कोण करतात ते पाहण्यासारखे आहे : राजे, व्यापारी आणि तारूंवरचे लोक. त्यांच्या मालाची जी यादी येते ती सोने, रत्ने, तलम वस्त्रे, हस्तिदंत, सुगंधी द्रव्ये, मद्य, तेल, गुरे, घोडे अशी वाढत वाढत शेवटी माणसांवर येऊन थांबते. गुलामांची जागा यादीच्या तळाशी आहे, आणि तीच या यादीवरची टीका आहे. साम्राज्याकडे किनाऱ्यावरून, त्याच्या जाणाऱ्या-येणाऱ्या गलबतांवरून पाहणाऱ्याला ते असेच दिसणार. त्याहून लक्षणीय जागा एकविसाव्या अध्यायाच्या आरंभी आहे. नवे आकाश आणि नवी पृथ्वी दिसते, आणि लगेच सांगितले जाते की समुद्र आता उरलेला नाही. हिब्रू कल्पनाविश्वात समुद्र हे अराजकाचे रूप आहे, हे टीकाकारांचे स्पष्टीकरण मान्यच आहे. परंतु ज्याच्यासाठी समुद्र हीच तुरुंगाची भिंत होती त्याने स्वर्गातून समुद्र वगळावा, यात स्थळाचा काहीच वाटा नसेल काय? (कोकणातल्या वाचकाला समुद्र नसलेला स्वर्ग पटणे अवघड, पण कोकणातला वाचक किनाऱ्यावर कैदी म्हणून उभा नसतो.)

या संहितेची आणखी एक बाजू पाहिल्याशिवाय रत्नागिरीकडे वळता येत नाही. प्रकटीकरणात 'लिही' ही आज्ञा वारंवार येते. जे पाहतोस ते लिही, आणि इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया येथील सात मंडळ्यांना पाठव. म्हणजे दर्शन होण्याआधीच श्रोता निश्चित झालेला आहे. वाचून दाखवणारा आणि ऐकणारे यांना आरंभीच आशीर्वाद दिलेला आहे. आपल्याकडील पोथीची फलश्रुती शेवटी येते, येथे ती आधी येते, एवढाच फरक. आणि शेवटी या शब्दांत भर घालणाऱ्याला वा त्यातून काही काढणाऱ्याला शाप आहे. अशा रीतीने संहितेच्या दोन्ही टोकांना वाचक उभे आहेत. मात्र दहाव्या अध्यायात सात मेघगर्जना बोलतात, योहान लिहावयास सरसावतो, आणि त्याला सांगितले जाते की हे लिहू नकोस, यावर मुद्रा कर. या साक्षीग्रंथाच्या पोटात न लिहिलेल्या बोलण्याची एक जागा जाणूनबुजून राखलेली आहे.

हद्दपाराची संहिता स्थळाच्या वर्णनाने घडत नाही. ती श्रोत्याच्या निश्चितीने घडते. स्थळ तिच्यात मुद्रेसारखे, सहीच्या खाली लिहिलेल्या गावाच्या नावासारखे येते. माझ्या प्रतिपादनाचा गाभा एवढाच आहे. तो मराठीत किती उतरतो, हे पाहू.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म १८५६ मध्ये रत्नागिरीचा. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेच्या तुरुंगात गेले. तो तुरुंग ब्रह्मी राजांच्या जुन्या किल्ल्याच्या आवारात होता. तेथे १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढले. सुटकेनंतर १९१५ मध्ये ते छापले गेले. या ग्रंथात मंडाले कोठे आहे? प्रस्तावनेत. ग्रंथाच्या प्रकरणांत कर्मयोग आहे, सांख्य आहे, पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा परामर्श आहे. इरावतीच्या काठचा उन्हाळा नाही, लाकडी बराक नाही. योहानाप्रमाणेच ग्रंथकाराने स्थळाचा उल्लेख उंबरठ्यावर केला आणि आत पाऊल टाकताना ते बाहेर ठेवले. श्रोता मात्र सुरुवातीपासून पक्का होता : कर्माकडे पाठ फिरवणाऱ्या भाष्यपरंपरेला उत्तर हवे असलेला मराठी वाचक. आणि जसे पात्मवर गुहा आणि मठ उभे राहिले, तसेच मराठी चरित्रवाङ्मयाने मंडालेची कोठडी नंतर तपशिलाने उभी केली. त्या कोठडीची जी चित्रे आपल्या मनात आहेत ती ग्रंथाने दिलेली नाहीत, ग्रंथाच्या भक्तांनी दिलेली आहेत. दोन ग्रंथांच्या प्रकृतीत अंतर मोठे आहे, हे मला मान्य आहे. एक दर्शनाचा, दुसरा युक्तिवादाचा. एकाचे व्याकरण अडखळणारे, दुसऱ्याचे वकिली शिस्तीचे. साम्य आहे ते स्थळाच्या वागणुकीत.

आता या चित्राची दुसरी बाजू. टिळक मंडालेत लिहीत होते त्याच सुमारास, १९१० मध्ये, रत्नागिरीत मंडालेच्या राजासाठी नवा राजवाडा बांधून पुरा होत होता. थिबा राजाने नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांपुढे शरणागती पत्करली; मद्रासमार्गे एप्रिल १८८६ मध्ये त्याला समुद्रातून रत्नागिरीस आणले गेले. रेल्वे नाही, पावसाळ्यात बंदर बंद. सरकारच्या दृष्टीने हे मुख्यभूमीवरचे बेटच होते. डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच वारला. १९१९ मध्ये कुटुंब ब्रह्मदेशी परतले, राणी सुपायालत १९२५ मध्ये रंगूनला निवर्तली. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीस परत आली. तिची मुलगी येथेच वाढली आणि मराठी बोलत आयुष्यभर येथेच राहिली.

थिबा निरक्षर वा अरसिक नव्हता. तारुण्यात त्याने मठात राहून अध्ययन केले होते, पाली धर्मग्रंथांच्या परीक्षेत तो उत्तीर्ण झाला होता. तरीही हद्दपारीच्या तीस वर्षांतून साक्ष म्हणता येईल असा ग्रंथ निघाला नाही. जे लेखन निघाले ते अर्जांचे : तनखा अपुरा आहे, कर्ज झाले आहे, घेतलेली रत्ने परत मिळावीत. देखरेखीवरच्या पोलीस अधिकाऱ्याच्या नजरेखालून जाणारे हे लेखन होते आणि त्याचा श्रोता एकच होता, साम्राज्य. योहानाने साम्राज्याला वगळून, त्याला सहजी कळणार नाही अशा संकेतभाषेत, सात मंडळ्यांना लिहिले. थिबाला मंडळीच नव्हती. भोवती मराठी बोलणारे गाव होते, त्याची भाषा वेगळी आणि धर्म वेगळा. आणि ज्यांची भाषा एक होती ते समुद्रापलीकडे होते. ज्याला ऐकणारा नाही तो अर्ज लिहितो. राजाच्या दुबळ्या स्वभावावर हे मौन ढकलणारी जी चरित्रे आहेत ती मला म्हणूनच अपुरी वाटतात. हा स्वभावाचा प्रश्न कमी आणि संबोधनाचा अधिक आहे.

अमिताव घोष यांनी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द ग्लास पॅलेस' या इंग्रजी कादंबरीत या मौनाला स्पर्श केला आहे. त्यांचा थिबा दुर्बीण घेऊन समुद्र न्याहाळत बसतो, येणारीजाणारी गलबते टिपतो, आणि गावाला त्याच्या त्या नजरेची सवय होते. कादंबरीकाराने राजाला वाणी दिली नाही, दृष्टी दिली, हा निर्णय मला मोलाचा वाटतो. योहानाला झालेली आज्ञा दुहेरी होती, पाहा आणि लिही. येथे तिचा पहिला अर्धा भागच शिल्लक आहे. हद्दपार माणसाच्या मुखात भाषण कोंबण्याचा मोह ऐतिहासिक कादंबरीला, विशेषतः मराठी ऐतिहासिक कादंबरीला, किती सहज होतो हे जाणणाऱ्या वाचकाला या संयमाची किंमत कळेल.

असा मोह केवळ कादंबरीकारांना होतो असेही नाही. थिबाच्या उलट दिशेने, १८५८ मध्ये, दिल्लीचा बहादूरशाह जफर रंगूनला धाडला गेला आणि १८६२ मध्ये तेथे वारला. तो कवी होता. तरीही हद्दपारीचे दुःख सांगणारी त्याच्या नावावरची जी गझल घरोघर गायिली जाते ती त्याची नसावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. समाजाला त्या मौनाची जागा रिकामी बघवली नाही, म्हणून त्याने तिच्यात एक कविता ठेवली. चर्चने प्रकटीकरणावर प्रेषिताचे नाव ठेवले. येथे नाव आधी होते आणि संहिता मागून आली. जफरला उर्दू ऐकणारी मंडळी होती, म्हणून हे शक्य झाले. थिबाच्या नावावर मराठीत कोणी एक ओवीसुद्धा रचून ठेवली नाही.

रत्नागिरीचा आणखी एक स्थानबद्ध आहे, आणि त्याच्या बाबतीत पात्मची उपमा सर्रास चुकीच्या जागी वापरली जाण्याचा धोका आहे. विनायक दामोदर सावरकर १९११ ते १९२१ अंदमानात होते. जानेवारी १९२४ पासून १९३७ पर्यंत राजकारणात भाग न घेण्याच्या अटीवर रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. 'माझी जन्मठेप' १९२७ मध्ये, म्हणजे रत्नागिरीच्या काळात, पुस्तकरूपाने आली. पात्म शोधावयाचे तर ते अंदमान आहे. रत्नागिरी ही 'एगेनोमेन' म्हणण्याची, 'मी तेथे होतो' असे भूतकाळात सांगण्याची जागा आहे. येथे मात्र एक महत्त्वाचा फरक पडतो. या पुस्तकात बेट नुसती मुद्रा म्हणून येत नाही, ते कोलू आणि काथ्यासकट वर्ण्यविषय होऊन येते. माझ्या वरील सूत्राला हा अपवाद आहे आणि तो मी लपवू इच्छीत नाही. त्याचे कारण असे असावे, की विसाव्या शतकातील तुरुंगवाङ्मयाला स्थळाचा तपशील हाच पुरावा म्हणून द्यावा लागतो; पहिल्या शतकातील द्रष्ट्याला पुरावा मागणारे न्यायालय त्याच्या श्रोत्यांत नव्हते.

याच लेखकाच्या अंदमानातील अर्जांवर जो वाद गेली कित्येक वर्षे चालू आहे, त्यातही मला संबोधनाचा विचार हरवलेला दिसतो. अर्जाच्या भाषेतून अर्जदाराचे अंतःकरण वाचू पाहणारे विरोधक, आणि ती भाषा निव्वळ डावपेच होती असे म्हणून बाजूला सारणारे समर्थक, दोघेही अर्ज हा एक लेखनप्रकार आहे हे विसरतात. अर्जाचे शब्द वाचकाने, म्हणजे सत्ताधाऱ्याने, आधीच ठरवून ठेवलेले असतात. ते आत्मकथनाशेजारी ठेवून वाचावे लागतात, पण आत्मकथन म्हणून वाचता येत नाहीत. थिबाचे अर्ज आणि सावरकरांचे अर्ज एका वर्गात घालताच कोणाचा अपमान होतो असे मानण्याचे कारण नाही. मराठी समीक्षेने पत्र, बखर, दिनचर्या यांना वाङ्मयप्रकार म्हणून मान्यता दिली. अर्जाला दिली नाही. वसाहतकाळातील शिक्षित-अशिक्षित मराठी माणसाने सर्वाधिक जे लिहिले वा लिहवून घेतले, त्यात अर्जाचा क्रमांक बराच वर लागेल.

आज थिबाच्या राजवाड्यात संग्रहालय आहे. जांभ्या रंगाच्या त्या वास्तूच्या मागे सूर्य उतरतो तेव्हा भाट्याच्या खाडीकडे पाहणाऱ्यांची जवळच्या कठड्यावर गर्दी असते. राजाची समाधी गावात आहे; डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन तेथे येऊन गेले. पात्मवर संहितेने वास्तू उभ्या केल्या. येथे वास्तू आहे, समाधी आहे, पर्यटकांना दाखवण्याचा कठडा आहे, आणि संहितेच्या जागी सरकारी दप्तरातील अर्जांचे गठ्ठे आहेत. ते गठ्ठे इतिहासकारांनी उघडले आहेत, तनख्याचे आकडे आणि राजकन्यांच्या विवाहांची हकीकत त्यांतून काढली आहे. त्यांतील वाक्ये कशी सुरू होतात, राजा स्वतःला कोणत्या नावाने संबोधतो, तीस वर्षांत ते नाव कसे बदलत जाते, हे वाचण्याचे काम मात्र इतिहासकाराचे नव्हे.